कुंकू लागलेले कागद

डॉक्टर भाविकाने डाव्या दाढेखाली इंजेक्शन टोचलं, गालात कापसाचे दोन बोळे कोंबले, "तोंड उघडंच ठेवा हं आजोबा, दहा मिनिटं," असं बजावलं आणि ती हात धुवायला गेली. आणि नेमकं त्याच दहा मिनिटांत माझ्या बापाचं गाणं लागलं. उरणच्या बाजारपेठेतला तिचा दवाखाना म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. खालून ट्रेलरचे हॉर्न, वर पंख्याची घरघर, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तिचा फोन सतत काही ना काही गात असतो, पेशंटचा जीव रमावा म्हणून. मी त्याकडे कधी लक्ष दिलेलं नाही. गाण्यांकडे लक्ष द्यायचं नाही हे मी फार लहानपणी ठरवलं होतं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत ठरवलेल्या ज्या दोन-चार गोष्टी पार पडल्या त्यांतली ही एक. पण हे गाणं कानातून आलंच नाही, पोटातून वर आलं. आधी नुसतं क्लॅरिनेट, चार सुरांवरून खाली उतरणारं, पाचव्यावर उगीच थबकणारं, मग बाईचा बारीक, नाकातला, त्या काळचा आवाज. खरखर एवढी की शब्द लागत नव्हते. शब्दांची मला गरज नव्हती. ते थबकणं मी ओळखलं. गाणं संपलं आणि एका मुलीचा गोड आवाज म्हणाला, "ही चाल होती विनायक चेऊलकर या विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराची." मी "नाही" म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून निघालं ते "आँ". डॉक्टर धावत आली. "दुखतंय का?" मी मान हलवली, फोनकडे बोट केलं, पुन्हा "आँ आँ" केलं, लाळ हनुवटीवरून शर्टावर ओघळली. "आवाज बंद करू का?" तिने विचारलं आणि फोन बंद केला. बधिर जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी पडली होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "एवढे मोठे असून घाबरता काय आजोबा," ती म्हणाली आणि तिने दाढ उपटली.

घरी आलो तरी गाल बधिरच होता. सून दिपाली म्हणाली, "बाबा, आइस्क्रीम खा, रक्त थांबतं." मी बाल्कनीत जाऊन बसलो. इथून समोर न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात. त्या बंदरात एका एजंटाच्या कचेरीत मी वीस वर्षं कागद केले, त्याआधी सरकारी कचेरीत कागद केले. आलेल्या मालाबरोबर कागद नसेल तर माल जागचा हलत नाही. डोळ्यांना दिसतोय, हाताला लागतोय, तरी तो नाहीच. ड्रायव्हर हातापाया पडायचे, साहेब, माल नासतोय. मी म्हणायचो, कागद आणा. असा मी. आणि माझा बाप धर्माजी कोळी, करंज्याचा, होड्यांवर वाढलेला, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकलेला, बोलपट नवे होते तेव्हा मुंबईच्या एका स्टुडिओत घुसला आणि पंधरा वर्षं तिथे चाली बांधत होता. हे मी पाहिलेलं नाही. मी तीन वर्षांचा असताना तो स्टुडिओ बंद पडला. आई सांगायची तेवढंच मला ठाऊक: सिनेमा उतरवतानाच गाणं व्हायचं, नटी सेटवरच्या पुठ्ठ्याच्या झाडाखाली उभी राहून गायची आणि वाजवणारे त्या झाडामागे दाटीवाटीने बसायचे, कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून. दोन्ही हात क्लॅरिनेटवर असायचे, तेव्हा माझा बाप बारा वादकांना हनुवटीने चालवायचा. हनुवटी वर, तबला. हनुवटी डावीकडे, सारंगी. झाडामागे, कुणाला न दिसता. पुढे तबकड्या निघाल्या त्यांवर सिनेमाचं नाव, गाणारीचं नाव. त्याचं नाव नसायचंच. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं म्हणे. मला वाटतं, वाटत असणार.

त्याला शाळा दोन इयत्ता. पण चाल बांधली की तो ती वहीत उतरवायचा, स्वतःच्याच खुणांनी. वादकाने कुठे श्वास घ्यायचा तिथे मासे धरायचा गळ काढायचा, इवलासा, वाकडा. ते इतरांना वाचता यायचं नाही म्हणून चौलचा एक शिकलेला पोरगा हाताखाली घेतला, विनायक चेऊलकर. तो या वह्यांवरून स्वच्छ, गोल अक्षरात नकला करायचा, सगळ्यांना वाटायला. चेऊलकर चोर नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण चोर असता तर मला बरं वाटलं असतं. सज्जन माणूस होता. स्टुडिओ बंद पडल्यावर त्याला दुसरीकडे काम मिळालं, कारण तो लिहू शकत होता. आता पन्नास-पन्नास व्हायोलिनं होती, कागद समोर ठेवून वाजवणारे होते, हनुवटीकडे कोण बघतो! बाप करंज्याला परत आला आणि लग्नाच्या बँडमध्ये उभा राहिला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पायात कॅनव्हासचे बूट. शाळेत पोरं मला "पिपाणीवाला" म्हणायची. रोज सकाळी तो ओट्यावर बसून क्लॅरिनेटच्या तोंडातली वेताची पट्टी जिभेने ओली करायचा आणि ती नीट बोलते की नाही हे पाहायला तेच वाजवायचा, चार सूर खाली, पाचव्यावर थबकून. रोज तेच. मी उशी कानावर घ्यायचो.

एकवीस वर्षांचा होतो. पनवेलला कॉलेजच्या मित्राच्या बहिणीचं लग्न, मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो, आणि दारात बँड उभा. पहिल्याच रांगेत बाप. उन्हाने तोंड लाल झालेलं, गाल फुगलेले, मानेवर घामाचे ओघळ. मित्र म्हणाला, "म्हातारा काय वाजवतो रे!" मी म्हणालो, "हं." बापाने मला पाहिलं. मला वाटलं आता हा माझं नाव घेऊन हाक मारणार, "तुका" म्हणणार. तो हनुवटीने वादकांना खूण करत होता, ती हनुवटी माझ्यावरून फिरली आणि पुढे गेली, मी तिथे नसल्यासारखी, आणि तो हळूच पाठमोरा झाला. मला सोडवण्यासाठी पाठमोरा झाला हे मला त्याच क्षणी कळलं. मी आत गेलो आणि जिलब्या खाल्ल्या. त्यावर आम्ही दोघेही कधी बोललो नाही. तो रात्री घरी आला, "जेवलास का रं?" एवढंच म्हणाला. मी त्या दिवसाबद्दल त्याचा राग राग करत आलो आहे, आणि असा राग कसा असू शकतो हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एकोणऐंशी साली तो गेला. पत्र्याच्या ट्रंकेत अकरा वह्या निघाल्या. मी तेव्हा बायकोला, नीराबाईला, आणि आईला घेऊन उरणला क्वार्टरमध्ये राहायला येत होतो, एक खोली नि स्वयंपाकघर, ट्रंकेला जागा नव्हती. मी रद्दीवाल्याला हाक मारली. तो दारात तराजू काढून उभा. मी पहिला गठ्ठा उचलला आणि आईने, मनुबाईने, त्यावर हात ठेवला. "रद्दीत न्हाय द्यायच्या. कुंकू लागलंय त्यांना." वही उघडून दाखवली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'श्री', आणि शेजारी कुंकवाचं बोट. गाणं उतरवायचं त्या सकाळी नारळ फुटायचा आणि पहिलं बोट वहीला लागायचं. असला कागद रद्दीत जात नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. फाटकी पोथी, भंगलेली मूर्ती, देवाचा जुना फोटो, सगळं पाण्यात. "दर्याला दे," आई म्हणाली, "दर्या ठेवील." मी लगेच मान डोलावली. रद्दीवाला तराजू गुंडाळून गेला. आज मी त्या मान डोलावण्याकडे पुन्हा पुन्हा बघतो. लोकांना वाटलं, पोरगा किती मानतो बापाला. पण रद्दीत गेलेला कागद परत कुठेतरी भेटतो, भेळेच्या पुडीवर, वाण्याच्या दुकानात, आणि लोक विचारतात हे कुणाचं. समुद्रात गेलेला भेटत नाही. हे मला त्या क्षणी नीट ठाऊक होतं. म्हणून डोलावली.

नारळी पुनवेला सगळा कोळीवाडा सोनेरी कागदात मढवलेला नारळ घेऊन जेटीवर आला, पुढे बापाचाच बँड. मी चुलतभावाची होडी घेतली. वह्या आईच्या जुन्या लाल लुगड्यात बांधलेल्या, वर हार, हळदकुंकू. जेटीवर आई आणि नीराबाई हात जोडून उभ्या होत्या. गाठोडं सोडलं आणि ते बुडेना. जाड पुठ्ठ्याच्या वह्या. गाठ सुटली, अकराच्या अकरा पाण्यावर पसरल्या, एक उताणी, पानं उघडी. शाई निळी निळी होत सुटायला लागली. मागच्या होडीतून कुणीतरी म्हणालं, "जायचं मनात न्हाय मास्तरांच्या." बँडमुळे बापाला सगळे मास्तर म्हणायचे. आणि मी वल्हं घेतलं आणि एकेक वही खाली दाबली. दाबून धरावी लागत होती. बुडबुडे येऊन ते थांबेपर्यंत. चुलतभाऊ दुसरीकडे बघत होता. आठव्या-नवव्या वहीला तर मला घाई झाली, मी वल्हं मारलंच. जेटीवरून हे सगळं भक्तीचं दिसलं असणार.

पुढे कुणी विचारलं तर मी सांगायचो, घरात आहेत. मुलाचं, निकेशचं लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांनी विचारलं, तुमचे वडील सिनेमात होते ना, काही ठेवलंय का? मी म्हणालो, दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैच्या पुरात गेलं सगळं. खालच्या मजल्यावर राहत होतो, पाणी शिरलं होतं हे खरं. पुराचं कुणी काही विचारत नाही. दिपाली घरात आली तेव्हा तिला मी जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघसुद्धा दाखवली, म्हणालो, ट्रंक इथे होती. इतकं चांगलं खोटं मी कचेरीत कधी केलं नव्हतं.

दाढेची जखम भरायच्या आत मी दिपालीला डॉक्टरकडे चौकशी करायला लावून त्या कार्यक्रमाच्या मुलीचा नंबर काढून घेतला. प्राप्ती तिचं नाव. दवाखान्यात काय ऐकलं ते फोनवर सांगितलं तशी ती आनंदाने जवळजवळ किंचाळली. धर्माजी हे नाव तिने एका जुन्या जाहिरातीत एकदाच वाचलं होतं. मग हळू आवाजात तिने सांगितलं, चेऊलकर वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी सगळे कागद रद्दीत दिले, काही न बघता, आणि गिरगावातल्या एका रद्दीवाल्याकडे ते तिला पडलेले सापडले. "नशीब बघा ना काका, रद्दीत दिले म्हणून वाचले!" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पुढच्या महिन्यात जुन्या चालींची मोठी सूची छापली जाणार होती, आणि एकदा छापलं की मग सगळीकडे तेच जातं, ती म्हणाली. "तुमच्याकडे त्यांच्या हातचं काही आहे? एक पान असलं तरी चालेल." ही मुलगी मला कागद मागत होती. मी म्हणालो, "पुरात गेलं." सवयीने म्हणालो. खरं सांगायची ती पहिली संधी होती, आणि ती गेल्याचं मला फोन ठेवल्यावर कळलं. "मग निदान तुम्ही ऐकून ओळखाल का? तेही मी टीप म्हणून घालू शकते. मुलाची साक्ष." मी म्हणालो, या.

ती गुरुवारी मुंबईहून लाँचने मोऱ्याच्या धक्क्याला उतरून आली. बारकीशी, चष्मेवाली, पाठीवर बॅग. आल्या आल्या वाकून पाया पडली. दिपालीने पोहे केले होते. तिने आधी चेऊलकरांच्या पानांचे फोटो दाखवले. ते गोल अक्षर. श्वासाच्या जागी स्वल्पविराम. "इथे गळ होता," मी बोट ठेवून म्हणालो. "गळ म्हणजे?" मी तिला काढून दाखवला. तिने निरखून पाहिला, मग फोटोतला स्वल्पविराम पाहिला, आणि "छान," म्हणाली, पण लिहिलं नाही. मग फोन टेबलावर ठेवला आणि वही उघडून पेन हातात घेतलं. "घाई नाही काका. जे आठवेल तेच सांगा." पहिलं गाणं तेच. ते चार सूर, ते थबकणं. मी तिला ओट्यावरची सकाळ सांगितली, पट्टी ओली करणं सांगितलं. मला लाज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाबद्दल कुणाशी तरी नीट बोललो. प्राप्ती लिहीत होती. "अजून सात आहेत," ती म्हणाली.

दुसरं गाणं लागलं आणि माझ्या आत काहीच हललं नाही. मी वाट पाहिली. कुठलीतरी बाई गात होती, कुठलीतरी सारंगी. एवढंसं काही ओळखीचं मिळेल म्हणून मी डोळे मिटले, आणि आत फक्त उशी होती. कानांवर दाबून धरलेली, कापसाचा वास येणारी उशी. बाप घरात वर्षानुवर्षं वाजवत होता, हे सगळं वाजवत असेल, संध्याकाळी, अंगणात, आईला ऐकवायला. आणि मी तिथेच होतो, दहा पावलांवर, आणि मी काहीही ऐकलेलं नाही. वह्या बुडवल्या तर बुडवल्या, निदान डोक्यात तरी राहायला हव्या होत्या. तिथेही मी त्या आधीच बुडवून बसलो होतो. मी डोळे उघडले. तिचं पेन थांबलं होतं. एक गाणं, फक्त एक, बाकी सगळी चेऊलकरच्या नावावर छापली जाणार. आणि ती बापाचीच होती, मला ते आतून पक्कं माहीत होतं, नुसतं ऐकू येत नव्हतं. "हो," मी म्हणालो, "हे त्यांचंच." तिने खूण केली. किती सोपं होतं. तिसऱ्यालाही हो म्हणालो. चौथ्याला म्हणालो, हे तर आईचं आवडतं. पाचव्याला, सहाव्याला मला सुचतच गेलं. सातव्या गाण्याला मी हनुवटीसुद्धा हलवली आणि म्हणालो, "हे बांधलं तेव्हाची गोष्ट आई सांगायची, माझा जन्म झाला त्याच आठवड्यातलं. मला मांडीवर घेऊन बांधलं." दिपाली दारात पोह्यांची रिकामी बशी घेऊन उभी राहून ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

प्राप्ती लिहायची थांबली. तिने फोन उचलला, बोटाने वर सरकवलं, पुन्हा खाली. "थांबा हं काका... ही इथे कशी आली?" तिचे कान लाल झाले. "सॉरी, माझीच चूक. ही दुसऱ्या फोल्डरमधली आहे. ही छप्पन्न सालची. चेऊलकरांनी दुसऱ्या स्टुडिओत केलेली, याची तर जाहिरातपण आहे माझ्याकडे, त्यांच्या फोटोसकट." ती मला पकडायला आली नव्हती. पकडलं म्हणून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, "मग बाकीची..." ती म्हणाली, "हो हो, बाकीची आहेतच." पण तिने पेनाला टोपण लावलं. "आणि पहिलं?" मी विचारलं. "पहिलं तर खरंच. पट्टी ओली करायचे, ते..." "ते कार्यक्रमात लागलं होतं ना काका," ती खूप मऊपणे म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात ऐकलंत ते." तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. आई शेवटी शेवटी बापाला जेवायला बोलवायची, मेलेल्या बापाला, तेव्हा मी याच आवाजात तिला म्हणायचो, येतायत हं, हात धुतायत.

मग मी खरं सांगितलं. दुसरं काही उरलंच नव्हतं. "प्राप्ती, वह्या पुरात गेल्या नाहीत. मी बुडवल्या. एकोणऐंशी साली, नारळी पुनवेला, करंज्याच्या जेटीसमोर. अकरा होत्या. बुडत नव्हत्या, मी वल्ह्याने दाबल्या. कुंकू होतं प्रत्येक गाण्याला. ते सगळं त्यांचं होतं, चेऊलकर नुसती नक्कल करायचा, हे लिहा. मला गाणी ओळखता येत नाहीत, मी खोटं बोललो, पण हे खरं आहे. हे लिहा." मी उठून उभा राहिलो होतो.

"बाबा, बसा बघू आधी," दिपाली पुढे आली. "काय बोलताय? सव्वीस जुलैला गेल्या ना त्या? तुम्हीच मला भिंतीवर रेघ दाखवली होतीत, इथवर पाणी आलं होतं म्हणून." मग प्राप्तीकडे वळून हळूच म्हणाली, "दाढ काढल्यापासून असंच चाललंय त्यांचं. झोपत पण नाहीत नीट." घरातल्या ज्यांनी पाहिलं होतं ती तिन्ही माणसं, आई, चुलतभाऊ, नीराबाई, कधीच गेली होती. मी दिपालीकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याजवळ माझाच कागद होता, मीच केलेला, शिक्क्यासकट, आणि त्यात कुठेही खाडाखोड नव्हती.

प्राप्तीने माझा हात धरला आणि मला खुर्चीवर बसवलं. "हो काका," ती म्हणाली. "शेवटी पाण्यातच गेल्या ना. नका त्रास करून घेऊ." तिने फोन बॅगेत घातला, चार्जर घातला, चेऊलकरांची पानं नीट लावून घातली. वही तेवढी तिच्या मांडीवर होती. मी त्या वहीकडे बघत बसलो. तिने पेनाचं टोपण काढलं, आणि मी पुढे वाकलो.

"मोऱ्याहून शेवटची लाँच किती वाजता असते?"

"सव्वापाच," मी म्हणालो. ते तिने लिहून घेतलं.